सुपे कुठलं?

एका कॉलेजात व्हायवा घ्यायला गेलो होतो. पुढ्यात इतिहासाचा प्रोजेक्ट. निळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, विषय 'दख्खनचे दंगे, १८७५'. ऋणनिर्देशाच्या पानावर प्राचार्यांपासून टायपिंग करून देणाऱ्या दादांपर्यंत सगळ्यांचे आभार मानलेले. ज्यांच्या पुस्तकांवर प्रोजेक्ट उभा आहे, त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: १२ मे १८७५ रोजी सुपे (जि. अहमदनगर) येथे दंग्याला सुरुवात झाली. खाली रंगीत फोटो, एमआयडीसीच्या कमानीचा.

"सुपे कुठलं हे?" मी विचारलं.

"नगरचं, सर. नेटवर तसंच होतं."

"तुझं गाव कुठलं?"

त्यानं सांगितलेलं गाव बारामती तालुक्यातलं.

"मोरगावला गेलायस कधी?"

"दर चतुर्थीला जातो, सर."

पारनेर तालुक्यात एक सुपा आहे, तिथं एमआयडीसीही आहे. पण सावकारांच्या वह्या जळाल्या त्या आपल्या सुप्यात. मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन घेऊन चौफुल्याकडं निघालं की वाटेत लागतं, ते सुपे. पोरगा दर महिन्याला त्याच्या शेजारपर्यंत जाऊन येतो आणि प्रोजेक्टात ते गाव उचलून दुसऱ्या जिल्ह्यात ठेवतो.

त्या दिवशी आणखी तीन प्रोजेक्टांत हीच चूक निघाली. चार पोरं, चार बाइंडिंगं, आणि सुपे चौघांचंही नगर जिल्ह्यात. बरोबर वाक्य उचललेलं सहसा कळत नाही. चुकीचं वाक्य उचललं की पावलांचे ठसे थेट दारापर्यंत येतात.

कॉलेजचं नाव सांगत नाही. शेजारच्या कॉलेजात गेलो असतो तर तिथंही हेच दिसलं असतं. पोरावर चिडूनही काही हाती लागणार नाही, कारण त्याला हे आपणच शिकवलंय. पाचवीत 'माझा आवडता पक्षी' गाईडमधून उतरवला तेव्हा त्याला दहापैकी नऊ मिळाले. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं घरामागच्या बाभळीवर बघितलेल्या सुगरणीबद्दल वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, तिला पाच. दहावीपर्यंत हा धडा पोराच्या हाडात मुरला. आता विसाव्या वर्षी आपण त्याला विचारतो, संदर्भ कुठायत? हा शब्द त्याच्या कानावर आपण कधी घातला होता?

आणि तरीही हा शब्द इथल्या माणसाला परका नाही. ऊस काट्यावर गेला की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही. दोन गुंठे घ्यायचे तर सातबारा बघतात, त्यावर भागत नाही म्हणून फेरफार काढतात, तरी शंका राहिली तर जुना उतारा मागतात. आधी कोणाच्या नावावर होती, कशी आली, बोजा आहे का, मधे कोणाचा हक्क राहिलाय का, सगळं खोदून काढतात. संदर्भ म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा उतारा. हा विचार आधी कोणाचा होता, माझ्याकडं कुठून आला, यात माझं स्वतःचं किती, एवढंच तो सांगतो. जमिनीच्या बाबतीत आपण इतके जागे, आणि घरातलं पोरगं अख्खं प्रकरण बिनउताऱ्याचं लिहितं तेव्हा कोणी हटकत नाही.

त्यातून विषय सुप्याचा. १२ मे १८७५ ला रयतेनं बाजारपेठेतल्या सावकारांकडं काय मागितलं? वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले तिथं तिथं जाळले. भांडण कागदाशी होतं. त्या कागदावर काय लिहिलंय हे ज्याची निशाणी होती त्यालाच वाचता येत नव्हतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरवला. कायदा रयतेच्या भल्यासाठी म्हणून आला. झालं असं, की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुदलात मिळवायचा आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू करायचा. शेतकरी काय लिहिलंय ते न कळता निशाणी करत गेला. त्याचा नाइलाज होता, त्याला अक्षरओळख नव्हती. आज त्याच मुलखातली, लिहितावाचता येणारी मुलं न वाचलेल्या मजकुराखाली आपली सही करतात. मला हे लागतं.

आता कोणी म्हणेल, सर, आम्ही संदर्भ देतो की. देतात, पण कसा? 'सरकारी अहवालानुसार'. सरकारी म्हटलं की आपल्याकडं मान डोलते. दंग्यानंतर सरकारनं आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला. आयोगापुढं एक थेट प्रश्न होता: सरकारनं लावलेला शेतसारा या दंग्याचं कारण आहे का? आयोगानं रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या, साऱ्याचे आकडे, पिकांचे भाव, व्याजाचे दर असं सगळं गोळा केलं आणि निर्वाळा दिला की सारा हे कारण नाही, दोष सावकाराचा. सरकारी साऱ्याबद्दलचा प्रश्न, उत्तर देणारा सरकारचाच आयोग. म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. जबान्या आणि आकडे त्याच्याइतके एका जागी दुसरीकडं मिळायचे नाहीत. पण तो वापरताना कोण बोलतंय, कोणाला सांगतंय आणि कशासाठी, हे सांगणं लिहिणाऱ्यावर बंधनकारक आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात सरकारी दप्तर कसं वाचावं हे शिकवणारं एक प्रकरण आहे, आणि त्यातलं एक उदाहरण सुप्याचं आहे. देशभरातली मुलं आपल्या सुप्यावरून साधनं तपासायला शिकतात. सुप्याच्या शेजारची पोरं ते गाव पारनेरला पाठवतात.

पुढं इतिहासकारांचंही एकमत नाही. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या पुस्तकात रयतवारीनं कुणबी आणि वाणी यांच्यातलं गावातलं नातं कसं पालटलं यावर भर दिला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या लेखाच्या शीर्षकातच या दंग्यांना 'मिथक' म्हटलं. आयोग, कुमार आणि चार्ल्सवर्थ, तिघं तीन तोंडांनी बोलतात. त्यांची वाक्यं उचलून, नावं पुसून एका परिच्छेदात कालवली की पोराचा प्रोजेक्ट पहिल्या ओळीत साऱ्याला निर्दोष ठरवतो, दुसऱ्या ओळीत दोषी ठरवतो आणि तिसऱ्या ओळीत म्हणतो, फारसं काही झालंच नव्हतं. नावं ठेवली असती तर हाच परिच्छेद वाद म्हणून उभा राहिला असता. वाचणाऱ्याला कळलं असतं की इथं एक प्रश्न आहे, आणि पोराला तिथं स्वतःचं मत मांडायला जागा मिळाली असती. नावं पुसणारा दुसऱ्याचं श्रेय तर घेतोच, शिवाय स्वतःची बोलायची जागाही घालवतो.

शेजारच्या इंदापूरकरांनी तर हे मनात जपून ठेवावं, कारण न तपासलेल्या मजकुराची किंमत त्यांच्या पूर्वजांनी मोजलीय. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्याची जमीन मोजून सारा ठरवायचं काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडं आलं. तो इंग्लंडात कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिकलेला, जिथं अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होते. जमिनीच्या खंडाचा रिकार्डोचा सिद्धान्त त्यानं आधाराला घेतला: पिकाच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर चोख. पण निव्वळ किती उरतं हे शेताशेताला काढायचं कसं? मोजणीत चुका, प्रतवारीत चुका, उत्पन्नाचे अंदाज बिनभरवशाचे. असल्या आकड्यांवर १८३० च्या सुमारास दर लागले. वसुली होईना, बाकी तुंबली, शेतं पडीक पडली, माणसं घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेली.

प्रिंगलनं कोणाचं काही चोरलं नव्हतं. त्यानं आधार घेतला होता, तोही मोठ्या माणसाचा. फक्त तो आधार इंदापूरच्या बरड रानाला पेलतो का, आणि हाताखालच्यांनी भरून आणलेले आकडे खरे आहेत का, याची कसून तपासणी झाली नाही. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे अधिकारी इंदापुरात उतरले तेव्हा त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. मातीची खोली आणि रंग पाहून जमिनीची प्रत लावली, मागच्या वर्षांची वसुली पाहिली, दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले. इंदापुरात घडलेली ही पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले. त्या ३० वर्षांची मुदत १८६० च्या दशकात संपली, फेरजमाबंदीत सारा चढला, आणि थोड्याच वर्षांत सुप्याला वह्या पेटल्या. सारा हेच कारण होतं का, यावर आजही वाद घालता येतो. पण घालायचा तर सुपे आणि इंदापूर, दोन्हीकडचे कागद समोर ठेवून घालावा लागेल.

म्हणून तळाशी नाव टाकलं की जबाबदारी संपली, असं कोणी समजू नये. नाव टाकणं ही सुरुवात. त्या नावाकडं जाऊन मजकूर खरंच तिथं आहे का, आणि आपल्या विषयाला लागू पडतो का, हे बघणं हे पुढचं काम. इंदापुरातलंच आणखी एक उदाहरण देतो. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. साल विचारा. कुठल्या पुस्तकात १६०६ च्या सुमाराचं, कुठल्या पुस्तकात १६२० च्या सुमाराचं. पहिलं दिसेल ते साल ठोकून देणारा वाचणाऱ्याला फसवतो. दोन्ही सालं, ज्याची त्याच्या नावानं, शेजारी शेजारी लिहिली तर ओळ लांबते, पण खरी राहते.

आता साम्य मोजणाऱ्या यंत्राचं. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्यावरची नियमावली २०१८ साली आली. प्रबंधात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सर्वज्ञात किंवा योगायोगानं जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे धरायचे नाहीत, अशीही सूट आहे. हेतू चांगला. परिणाम असा झाला की मार्गदर्शकाकडं आलेला विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, "सर, किती टक्के चालतं?" मग 'शेतकरी' चा 'कृषक' होतो, 'कर्ज' चं 'ऋण' होतं, वाक्याचं शेपूट पुढं येतं आणि साम्य ९ टक्क्यांवर उतरतं. विचार शंभर टक्के दुसऱ्याचाच राहिला. यंत्र जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याचा विचार ओळखणं हे वाचणाऱ्या माणसाचं काम, आणि ते यंत्रावर सोपवून मार्गदर्शकानं हात झटकले, हे मला मान्य नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तर आणखी एक चोरवाट उघडी आहे. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवला की तो आपला झाला, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. यंत्राला तो सहसा सापडत नाही, म्हणून धीर वाढतो. भाषांतर करायला कष्ट पडतात, हे कबूल. त्या कष्टाचं श्रेय भाषांतरकार म्हणून घ्या. विचार ज्याचा त्याच्या नावावर राहू द्या. मोरोपंतांनी याच बारामतीत बसून अख्खं महाभारत आर्यांमध्ये रचलं. कथा व्यासांची आहे हे त्यांनी कधी झाकलं नाही, आर्याभारत या नावातच ते आहे. आणि म्हणून पंतांचं काही कमी झालं नाही. घडण त्यांची होती, ती आजही त्यांच्याच नावावर आहे.

चॅटजीपीटीनं यात नवीन भर घातली. त्याच्याकडं संदर्भ मागितले की नसलेलं पुस्तक, नसलेला लेख, वर पृष्ठ क्रमांक असं सगळं मिळू शकतं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असे नसलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. त्यांना शिकवायचं राहून गेलं होतं असं नाही, शिकून सवरून वकील झालेले होते. उघडून बघायचा कंटाळा केला, एवढंच. जे पुस्तक हातात धरलं नाही, पडद्यावरही उघडलं नाही, ते संदर्भसूचीत घालायचं नाही, हा नियम पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सांगितला पाहिजे.

बाकीचंही तेव्हाच सांगता येतं, फार लागत नाही. वहीचं पान उभं दुमडा. उजवीकडं पुस्तकातले शब्द, अवतरणचिन्हांत, पान नंबरासकट. डावीकडं ते वाचून तुम्हाला काय वाटलं ते. नंतर शोधू म्हणाल तर पान नंबर कधीच सापडत नाही, म्हणून तिथल्या तिथं लिहा. लिहायला बसलात की पुस्तक मिटा आणि डाव्या बाजूवरून लिहा. सारांश आपल्या शब्दांत केला तरी नाव द्या. कुमारांचं म्हणणं दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकात वाचलं असेल तर तसं सांगा, कुमार वाचल्याचा आव आणू नका. बारामती नगरपालिका आहे, उन्हाळा कडक असतो, याला संदर्भ लागत नाही. कोणाचं मत, कोणी काढलेला आकडा, कोणी शोधलेला कागद, याला लागतो.

आणि माणूसही संदर्भ असतो. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून पोरं गावोगाव जातात. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि मोबाइल घेऊन पोरं तिकडं धावतात. त्या गावांतली म्हातारी माणसं दारात बसवून चहा पाजतात आणि कोणती विहीर कोणत्या बांधाला होती ते सांगतात. प्रोजेक्टात त्याचं होतं काय, तर 'स्थानिकांच्या मते'. पुस्तकाच्या लेखकाचं नाव गाळणं वाईटच, पण ज्या आजीनं दोन तास देऊन बुडालेलं घर डोळ्यांपुढं उभं केलं तिला 'स्थानिक' म्हणून मोकळं होणं त्याहून वाईट. तिला आधी विचारा, नाव घालू का? हो म्हणाली तर नाव, गाव आणि भेटीची तारीख लिहा. नको म्हणाली तर नाव झाका, पण कोणत्या गावच्या, किती वयाच्या बाईनं हे कधी सांगितलं, तेवढं तिच्या परवानगीनं ठेवा. आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत राहू द्या. ती 'आमचं गाव बुडवलं' म्हणाली असेल तर तुम्ही 'विस्थापन झाले' लिहू नका.

हे सगळं तपासायला वेळ लागतो. एका मास्तरापुढं साठ प्रोजेक्ट आणि हातात दोन दिवस, हे मला ठाऊक आहे. मग साठ बांधीव प्रोजेक्ट मागूच नका. प्रत्येकाकडून चार पानं मागा, हातानं लिहिलेली, तीन संदर्भांची, आणि व्हायवात त्यातला एक संदर्भ उघडून दाखवायला लावा. बाइंडिंगवाल्याचा धंदा थोडा बसेल, पोराला लिहिता येईल.

त्या दिवशी शेवटचा प्रोजेक्ट एका मुलीचा होता. विषय तोच. पानं इतरांच्या निम्मी, अक्षर किरटं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: सुपे, तालुका भीमथडी (आजचा तालुका बारामती). खाली तळटीप: १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात हे गाव भीमथडी तालुक्यात आहे, आजचा तालुका गावात जाऊन विचारला.

"गावात कशाला गेलीस?" मी विचारलं.

"गॅझेटिअरात बारामती तालुकाच नव्हता, सर. इंदापूर होता, भीमथडी होता. मला शंका आली, हे आपलं सुपे नसेल तर? म्हणून एसटीनं जाऊन बघून आले."